बीएस्सीचा अभ्यासक्रम शेवटाकडून कसा बांधावा

गळीत हंगाम सुरू झाला की बेळगाव, चिकोडी, अथणी, गोकाक या भागांतील साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांना केमिस्ट हवे असतात, आणि आमच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन बाहेर पडलेली काही मुले दरवर्षी तिकडे वळतात. काही वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी, जो वर्गात नेहमी पहिल्या तिघांत असे, हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात मला भेटायला आला. त्याने उसाच्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) १७.६ आणि पोल (साखरेचे प्रमाण) १५.३ नोंदवून शुद्धता जवळपास ८७ टक्के दिली होती. वरिष्ठांनी तोच नमुना थंड होऊ देऊन पुन्हा तपासला, तेव्हा ब्रिक्स १८.० आला आणि शुद्धता ८५ वर उतरली. गरम रसाचा अपवर्तनांक कमी असतो, त्यामुळे तो मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ब्रिक्स कमी दाखवतो, आणि पोलला ब्रिक्सने भागताना भाजक लहान झाला की शुद्धता फुगते, हे त्याला पेपरात विचारले असते तर त्याने पानभर लिहिले असते. त्याला बोच लागली होती ती वेगळीच. त्याने स्वतः दुसरे वाचन घेतले होते, ते पहिल्याशी जुळले नव्हते, आणि त्याने ते वहीत लिहिलेच नव्हते. “सर, जर्नलमध्ये आपण जुळणारेच लिहायचो ना?” असे तो म्हणाला.

हा दोष त्याचा नव्हता, आम्ही तीन वर्षे त्याला जे करायला लावले त्याचा होता. पुढे जे लिहितो आहे ते त्या दिवसानंतर आमच्या विभागात हळूहळू केलेल्या बदलांवरून लिहितो आहे, आणि ते मुख्यतः सीमाभागातील महाविद्यालयांत विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आहे, मग त्यांचे महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असो वा स्वायत्त. उदाहरणे रसायनशास्त्रातील आहेत, कारण मला तेच जवळून ठाऊक आहे. पद्धत मात्र इतर विषयांनाही लागू पडते.

आपण एरवी अभ्यासक्रम करतो तो घटकांपासून. आधी युनिटांची यादी ठरते, मग तासांची वाटणी होते, मग प्रॅक्टिकलची यादी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी परीक्षेचा नमुना येतो. कौशल्यांपासून अभ्यासक्रम रचायचा असेल तर हा क्रम पूर्ण उलटा करावा लागतो: पदवीधराला प्रत्यक्षात कोणते काम करावे लागते ते आधी, ते काम त्याला जमते की नाही हे दाखवणारी परीक्षा त्यानंतर, त्या परीक्षेची तयारी करून घेणारे प्रॅक्टिकल त्याच्या मागून, आणि त्या प्रॅक्टिकलला लागणारे सिद्धांत सर्वांत शेवटी. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये अध्यापन, उद्दिष्ट आणि मूल्यमापन एकाच रेषेत आणण्याची जी कल्पना मांडली, तिचा गाभा हाच आहे. ती कल्पना परदेशातून आली म्हणून आपल्याकडे चालणार नाही, असे मला वाटत नाही. शेतकरी पीक ठरवूनच पेरणी करतो.

आधी माजी विद्यार्थ्यांकडे जावे

पहिले काम कागदावरचे नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी बारा-पंधरा जणांची यादी करावी आणि त्यांना प्रत्यक्ष भेटावे, निदान निवांत फोन करावा. आमच्या यादीत साखर कारखान्यांतील केमिस्ट होते, उद्यमबागेतील फाउंड्रीत वाळूची आणि धातूची तपासणी करणारे होते, गोव्यातील औषध कंपन्यांत गुणवत्ता विभागात गेलेले होते, धारवाडला किंवा कोल्हापूरला एमएस्सी करणारे होते, बीएड करून खानापूर तालुक्यात शिक्षक झालेले होते, आणि बँकेत लागलेलेही होते. सर्वांची गरज एकच आहे असे समजू नये. पण कोणत्या गोष्टी वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू येतात, तिकडे कान द्यावेत.

येथे प्रश्न कसा विचारतो याला फार महत्त्व आहे. “तुम्हाला कोणती कौशल्ये लागतात?” असे विचारले तर संवाद, संघभावना, संगणकाचे ज्ञान अशी ठरावीक उत्तरे येतात, आणि त्यांतून अभ्यासक्रमात घालण्याजोगे काही निघत नाही. त्याऐवजी, “गेल्या सोमवारी कामावर गेल्यापासून घरी येईपर्यंत काय काय केलेस ते क्रमाने सांग,” असे म्हणावे, “पहिल्या तीन महिन्यांत तुझे काय चुकले आणि ते तुला कोणी शिकवले?” असे विचारावे. फाउंड्रीतल्या एका मुलीने सांगितले की, तिथे दिवसातून अनेकदा साच्याच्या वाळूतील ओलावा आणि पारगम्यता (वाळूतून वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) तपासावी लागते. पण खरी अडचण आली ती सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यांत फरक दिसला तेव्हा फोरमनला काय सांगायचे याची. औषध कंपनीतल्या मुलाने सांगितले की, पहिले पंधरा दिवस त्याला केवळ नोंदी कशा करायच्या हेच शिकवले गेले. शिक्षक झालेल्या मुलाची अडचण अगदी वेगळी होती: प्रयोग फसला की वर्गासमोर त्याचे कारण शोधण्याचे धैर्य त्याच्याकडे नव्हते. या तिघांची कामे निराळी असली तरी तिघांनाही अडले ते एकाच जागी, आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तेव्हा काय करायचे या जागी.

दिसेल असे क्रियापद

या भेटींतून जे हाती लागते ते कोर्स आउटकमच्या, म्हणजे पेपर संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे याच्या, रूपात लिहावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्ययन-निष्पत्तीवर आधारित आराखड्यांपासून ही भाषा सर्व महाविद्यालयांत पोचली आहे, पण बहुतेक ठिकाणी ती नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत राहते, कारण “विद्यार्थ्याला पाण्याच्या कठीणपणाची संकल्पना समजेल” असे वाक्य लिहिले की ते तपासताच येत नाही. समजणे, माहीत होणे, आवड निर्माण होणे ही क्रियापदे बाजूला ठेवावीत आणि समोर बसलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसेल असे क्रियापद घ्यावे. वरच्याच वाक्याचे आम्ही असे रूप केले: “विद्यार्थी आपल्या गावातील विहिरीच्या पाण्याचा एकूण कठीणपणा ईडीटीए या रसायनाने टायट्रेशन करून जुळणाऱ्या तीन वाचनांसह काढेल, न जुळणारे वाचन आल्यास त्याचे संभाव्य कारण लिहील, निकाल पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक आयएस १०५०० च्या मर्यादांशी ताडून पाहील आणि त्याचा अर्थ रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला कळेल अशा शब्दांत एका पानात मांडेल.” वाक्य लांब झाले आहे, पण त्यातील प्रत्येक भाग तपासता येतो. एका पेपरला असे पाच-सहा आउटकम पुरेत.

शिकवण्याआधी परीक्षा लिहावी

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्यावर द्यावा, असे माझे मत आहे. आपले विद्यार्थी परीक्षेसाठी अभ्यास करतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. तेव्हा परीक्षा जुनीच ठेवून अध्यापनात केलेले बदल पहिल्या अंतर्गत परीक्षेपर्यंतही टिकत नाहीत. प्रॅक्टिकल परीक्षेत प्रत्येकाला तोच ठरलेला प्रयोग, तीच ठरलेली संहती आणि शिपायापासून परीक्षकापर्यंत सर्वांना ठाऊक असलेले तेच उत्तर असेल, तर वाचन जुळवून लिहिणे हेच सर्वांत शहाणपणाचे वागणे ठरते.

कठीणपणाच्या प्रयोगाचेच उदाहरण पुढे नेतो. ५० मिली पाणी घेतले, त्यात पीएच १० राखणारे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून शेवट दाखवणारे दर्शक) घातले की पाणी द्राक्षारसासारखे तांबडे दिसते. ०.०१ मोलर ईडीटीए सोडत गेले की तो रंग आधी जांभळट होतो आणि शेवटी स्वच्छ निळा होतो. जांभळट झाक पूर्ण जाण्याआधी थांबले तर वाचन कमी येते आणि घाईने ब्युरेट सोडली तर जास्त. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन संपवले नाही तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू लागतो आणि शेवटच्या बिंदूचा भरवसा राहत नाही. समजा वाचने १२.४, १२.५ आणि १३.१ मिली अशी आली. जुन्या पद्धतीत विद्यार्थी १३.१ खोडून १२.४ लिहितो. आम्ही त्याला सांगतो की १३.१ वर एकच रेघ मार, आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी “शेवटी घाई झाली असावी, रंग एकदम बदलला” असे लिही, आद्याक्षर कर, आणि चौथे वाचन घे. चौथे १२.४ आले तर जुळणाऱ्या तीन वाचनांची सरासरी सुमारे १२.४३ मिली येते, आणि या प्रमाणात एका मिलीला एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरले की कठीणपणा लिटरला सुमारे २४९ मिलिग्रॅम निघतो. आयएस १०५०० मध्ये स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे, म्हणजे कठीणपणापुरते हे पाणी पिण्यास घातक नाही, पण लोक ज्याला जड पाणी म्हणतात त्या वर्गातले आहे. हा शेवटचा अर्थ लावल्याशिवाय प्रयोग पूर्ण झाला असे आम्ही धरत नाही.

परीक्षेत नमुना अनोळखी द्यावा आणि त्याबरोबर कठीणपणा ठाऊक असलेले एक मानक द्रावणही द्यावे. विद्यार्थ्याने आधी मानक तपासावे. ते चुकीचे आले तर स्वतःच्या पद्धतीत काय बिघडले आहे ते शोधूनच नमुन्याकडे वळावे. कामाच्या ठिकाणी अचूकतेची हमी अशीच घेतली जाते, म्हणून “प्रामाणिक असले की उत्तर चुकले तरी चालेल” असा सोपा संदेश यातून जात नाही. आमच्याकडे २० गुणांची वाटणी अशी आहे: कामाची योजना ३, मूळ नोंदवही ६, मानक नमुन्याची तपासणी ४, वाचनांची जुळणी आणि गणित ४, एक पानी अहवाल ३. ही वाटणी सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या हातात द्यावी. नोंदवहीला सर्वांत जास्त गुण का, असे सहकारी विचारतात. त्याचे कारण असे की चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाखाली मान्यता घेतलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेत निरीक्षण ज्या क्षणी घेतले त्याच क्षणी नोंदवावे लागते आणि दुरुस्ती केली तरी मूळ नोंद दिसत राहावी लागते. आपले नीट अक्षरात घरी उतरवून आणलेले जर्नल या नियमाच्या नेमके विरुद्ध आहे. ते बंद करण्याचे धाडस विभागाने एकदा करावे: पाने क्रमांकित असलेली एकच वही, पेनाने लिहिलेली, प्रयोगशाळेतच ठेवलेली, आणि प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी शिक्षकाची सही झालेली. पहिले वर्ष वह्या अस्ताव्यस्त दिसतात. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना याची आधी पत्राने कल्पना द्यावी.

सहा सेमिस्टरांतून एकच धागा

एखादे कौशल्य एका पेपरात शिकवून संपत नाही. ते दरवर्षी थोडे अवघड होऊन परत यावे लागते. आम्ही न जुळणारे वाचन हाताळण्याचा धागा असा ओवला आहे की पहिल्या वर्षी विद्यार्थी केवळ वजन करणे, पिपेट वापरणे आणि जे दिसले ते लिहिणे शिकतो. दुसऱ्या वर्षी कॅलिब्रेशन आलेख (ठाऊक नमुन्यांच्या वाचनांचा आलेख) स्प्रेडशीटमध्ये काढून त्यावरून हटलेला बिंदू ठेवायचा की नाही याचा निर्णय कारणासह देतो. आणि तिसऱ्या वर्षी एकाच मोजमापासाठी दोन पद्धती समोर ठेवल्यावर कोणती निवडायची ते स्वतः ठरवतो.

वेळ कुठून आणायचा, हा खरा प्रश्न आहे. नेहमीच्या हिशेबात थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास असतात, म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला पंधरा आठवडे दर आठवड्याला चार तास मिळतात. एवढ्या वेळात बारा प्रयोग एकेकदा धावत करण्यापेक्षा सात प्रयोग करावेत आणि त्यांतील किमान तीन, पहिल्या खेपेच्या चुका पाहून, दुसऱ्यांदा करावेत. स्वायत्त महाविद्यालयात हा बदल थेट करता येतो. संलग्न महाविद्यालयात प्रयोगांची यादी विद्यापीठाची असते, तेव्हा यादी तशीच ठेवून नमुना बदलावा: यादीत “कठीणपणा काढणे” असेल तर प्रयोगशाळेत बनवलेल्या द्रावणाऐवजी बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोपच्या नळाचे आणि विद्यार्थ्याच्या गावच्या बोअरवेलचे पाणी शेजारी ठेवायला कोणाची हरकत नसते. एक गोष्ट नवी घालताना एक जुनी काढण्याचा नियम मात्र कडक पाळावा, नाहीतर अभ्यासक्रम दरवर्षी जड होत जातो.

कर्नाटकात २०२१-२२ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची रचना आली आणि २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. अशा बदलांत युनिटे, पेपरांची नावे आणि गुणांची वाटणी सारखी हलते, आणि शिक्षकाची दमछाक होते. आमच्या अनुभवात जे हलले नाही ते हे धागेच. नवी रचना आली की त्यांना नव्या पेपरांवर टांगायचे एवढेच काम उरले.

भाषेचा भाग वेगळा काढू नये

बेळगाव, खानापूर, निपाणी येथील आपली बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात, पदवीला सगळे इंग्रजीत येते, आणि कामाच्या ठिकाणी समोरचा माणूस अनेकदा कन्नड बोलतो. याकडे केवळ अडचण म्हणून पाहिले जाते. मला ती या भागातील विज्ञान पदवीधराची मोठी जमेची बाजू वाटते, फक्त ती अभ्यासक्रमात जाणूनबुजून घ्यावी लागते. अथणी, रायबाग, कागवाड या ऊसपट्ट्यात अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. तेथील शेतकऱ्याला मातीचा अहवाल समजावून सांगणारा माणूस हवा असतो, आणि ते काम तिन्ही भाषांत वावरणारा पदवीधरच नीट करू शकतो. म्हणून आमच्या मृदा-रसायनाच्या प्रॅक्टिकलला अहवाल इंग्रजीत लिहायचा, आणि मग दोन मिनिटे तोंडी समजावून सांगायचा, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये. पीएचला मराठीत सामू म्हणतात आणि कन्नडमध्ये रससार. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त धरतात. विनिमयशील (मातीच्या कणांना धरून असलेले) सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेले तर ती चोपण होते आणि केवळ पाणी देऊन धुता येत नाही, जिप्सम लागतो. हे तीन वाक्यांत तीन भाषांत सांगता आले की विद्यार्थ्याला विषय कळला आहे की नाही ते व्हायव्हापेक्षा लवकर दिसते. शब्दांचा त्रिभाषी तक्ता विद्यार्थ्यांकडूनच करून घेऊन भिंतीवर लावावा, आणि ज्याची कन्नड चांगली आहे त्याची जोडी ज्याची मराठी चांगली आहे त्याच्याशी लावावी.

प्रोजेक्ट लहान ठेवावा

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सहा आठवड्यांत पूर्ण होईल एवढाच असावा आणि त्यात विद्यार्थ्याचा स्वतःचा एक प्रश्न असावा. पहिल्या जोरदार पावसाआधी आणि नंतर त्याच पाच विहिरींतील नायट्रेट, गुऱ्हाळातील रसाचा ब्रिक्स सकाळी आणि दुपारी, खानापूरच्या मातीच्या नमुन्यांतील ओलावा अशा गोष्टी पुरतात. येथे एक काळजी कटाक्षाने घ्यावी. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि आयएस १०५०० मध्ये तिला सवलत नाही. एखाद्या विहिरीत त्याहून जास्त आढळले तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या आकड्यावर गावात घबराट करू नये. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा, ग्रामपंचायतीला लेखी कळवावे, आणि ही सर्व वाट विद्यार्थ्याला बरोबर घेऊन चालावी, कारण निकाल जबाबदारीने कोणाला आणि केव्हा सांगायचा हेही कौशल्यच आहे.

इतर विषयांबद्दल थोडक्यात. भौतिकशास्त्रात हाच धागा मापनातील अनिश्चिततेचा होतो, वनस्पतिशास्त्रात खात्रीने ओळख पटली नाही तेव्हा नमुन्यावर तसे लिहिण्याचा होतो, आणि गणित-संख्याशास्त्रात अपूर्ण माहितीचा तक्ता स्वच्छ करताना काय वगळले याची नोंद ठेवण्याचा होतो. वनस्पतींच्या नमुन्यांसाठी खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात जायचे असेल तर वनखात्याची परवानगी वेळेवर काढावी.

सहकारी आणि अभ्यास मंडळ

यातील बरेचसे काम अतिथी व्याख्यात्यांच्या हातून होणार असते, आणि त्यांची नेमणूक कधी कधी सेमिस्टर अर्धे सरल्यावर होते. त्यांना विश्वासात न घेता केलेली कोणतीही रचना टिकत नाही, आणि त्यांच्यावर फक्त भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. प्रत्येक प्रॅक्टिकलसाठी दोन पानांची टिपणी तयार ठेवावी: कोणते कौशल्य, विद्यार्थी हमखास कुठे चुकतात, कोणती रसायने आदल्या दिवशी बनवायची, आणि गुण कसे द्यायचे. नवा माणूस पहिल्याच दिवशी ती घेऊन उभा राहू शकला पाहिजे.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात विभागातील कोणी सदस्य असेल तर संपूर्ण नवा अभ्यासक्रम घेऊन जाऊ नये. एका प्रॅक्टिकलची गुणवाटणी, त्या वाटणीने घेतलेल्या परीक्षेचा एका वर्षाचा अनुभव आणि चार-पाच नोंदवह्यांची छायाप्रत एवढेच न्यावे. छापील प्रस्तावापेक्षा रेघ मारलेले १३.१ आणि त्याच्या शेजारची ओळ पाहून सदस्य लवकर बोलू लागतात, हे मी पाहिले आहे.

आणि हे सर्व चालते की नाही ते पाहण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याची पहिल्या सेमिस्टरची वही जपून ठेवावी. सहाव्या सेमिस्टरच्या शेवटी ती आणि नवी वही त्याच्यासमोर उघडावी, दोन्हींत पहिले न जुळलेले वाचन कुठे आहे ते त्यालाच शोधायला सांगावे, आणि पुढच्या वर्षीच्या टिपणीत काय बदलायचे ते तो काय बोलतो त्यावरून लिहावे.